थायरॉइड परिषद : केस मांडणाऱ्या सदस्यांसाठी सूचना

टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) व फ्री टी४ (रक्तातले मुक्त थायरॉइड संप्रेरक) यांच्या आकड्यांसोबत एकक आणि प्रयोगशाळेची संदर्भ मर्यादा स्लाइडवर लिहावी.

रुग्ण बायोटिन (एक ब जीवनसत्त्व) घेत होता का, हे विचारल्याशिवाय केस कृपया पाठवू नका. डोक्याच्या केसांसाठीच्या अनेक गोळ्यांत ते ५ ते १० मिलिग्रॅम असते. बायोटिन आणि त्याला घट्ट चिकटणारे प्रथिन स्ट्रेप्टाव्हिडिन यांच्या जोडीवर चालणाऱ्या चाचण्यांत त्यामुळे टीएसएच खोटाच कमी, फ्री टी४ खोटाच जास्त येतो. चित्र हुबेहूब ग्रेव्हज आजाराचे (थायरॉइड अतिसक्रिय होण्याचा आजार) दिसते आणि निरोगी माणसाला कार्बिमाझोल (थायरॉइड संप्रेरक कमी करणारे औषध) सुरू होण्याची भीती असते. किमान २ दिवस बायोटिन थांबवून चाचणी पुन्हा करावी.

लिव्होथायरॉक्सिनचा (थायरॉइड संप्रेरकाची गोळी) डोस बदलल्यानंतर ६ आठवड्यांच्या आतला टीएसएच निष्कर्षाला धरू नये. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या ४ तासांच्या अंतराने घेतल्या का, तेही नोंदवा.

सोनोग्राफीच्या चित्रांवरून रुग्णाचे नाव पुसलेले हवे.