बशीतली पेशी आणि सेलूतला पेशंट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सेलूत मोंढ्याच्या रस्त्याला माझं औषधाचं दुकान आहे, २७ वर्षं झाली. आपलं दैनिक सकाळी शटरखालून आत येतं आणि दिवसभर काउंटरवर पडून असतं. आरोग्याच्या पानावर काय छापलंय ते मी वाचण्याआधी गिऱ्हाइकाच्या तोंडूनच कळतं. अशाच एका बातमीबद्दल लिहितोय. व्हिटॅमिनमुळे स्वादुपिंडाच्या कॅन्सरची वाढ थांबते, अशा अर्थाचा मथळा होता. चार कॉलमी, वर संत्री आणि गाजरांचा फोटो.

त्याच आठवड्यात वालूरकडचा एक पोरगा आला. त्याच्या वडिलांना हाच कॅन्सर. आधी डोळे पिवळे झाले, म्हणून महिनाभर काविळीचा झाडपाला झाला, पथ्य झालं. मग सोनोग्राफी, मग देवगिरीनं मुंबई, पित्ताच्या नळीत स्टेंट, आणि आता केमो. खिशातून त्यानं चार घड्यांचं कात्रण काढलं. मथळ्याभोवती निळ्या पेनानं गोल केलेला.

"काका, ह्यातलं व्हिटॅमिन द्या. दादांना चालू करायचंय."

डॉक्टरांची चिठ्ठीही होती. तिच्यात एंझाइमच्या कॅप्सूल होत्या, दर जेवणाला दोन, म्हणजे महिन्याला १८ पत्ते. ह्या कॅप्सूल स्वस्त नाहीत. पोरानं हिशेब केला आणि म्हणाला, नऊच द्या. उरलेल्या पैशात डी-३ ची ६० हजार युनिटची पाकिटं, ई च्या कॅप्सूल आणि सी च्या चघळायच्या गोळ्या घेतल्या. मी दिल्या. डॉक्टरांना विचारलंस का, एवढं मात्र म्हणालो. त्यानं मान हलवली, मी बिल केलं. मान होकारार्थी हलली की नुसतीच, हे बघायला मी थांबलो नाही. तेव्हा ह्या पत्रातली निम्मी तक्रार माझ्या स्वतःवरच आहे, हे आधी लिहून ठेवतो.

दोन महिन्यांनी तो परत आला. "दादा खायलेत चांगले, पण अंगी लागंना. धोतर कमरेला राहिना गेलंय." मग मी ते विचारलं जे पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं. संडास कशी होते? पोरगा लाजला. काउंटरवर दोन बायका उभ्या होत्या, त्या गेल्यावर बोलला. पाण्यावर तेलाचा तवंग येतो, भांड्याला चिकटून बसतं, वास तर विचारूच नका.

स्वादुपिंड जठराच्या मागं असतं. इन्शुलिन तिथं तयार होतं हे शुगरमुळं आता घरोघरी माहीत आहे, पण अन्नातली चरबी पचवणारा रसही तिथलाच. गाठीनं त्या रसाची वाट अडवली की खाल्लेलं तूप-तेल न पचता तसंच बाहेर पडतं. म्हणून त्या कॅप्सूल. पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या, चावायच्या नाहीत, जेवण झाल्यावर आठवण आली म्हणून घेतल्या तर निम्मा उपयोग गेला. आणि खरी गंमत, गंमत कसली म्हणा, पुढंच आहे. ए, डी, ई आणि के ही व्हिटॅमिनं चरबीत विरघळणारी. चरबी पचली नाही तर तीही तिच्याबरोबर वाहून जातात. म्हणजे जी कॅप्सूल घेतली असती तर व्हिटॅमिन थोडंफार अंगाला लागलं असतं, तीच निम्मी करून ह्या घरानं व्हिटॅमिन विकत घेतलं होतं. तेही माझ्याच दुकानातून.

आता बातमीकडं येतो. ती खोटी नव्हती, म्हणून तर जास्त राग येतो. स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या पेशी प्रयोगशाळेत काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बशीत वाढवतात. १९७० च्या दशकात पेशंटांच्या गाठींतून काढलेल्या पेशींचे वंश आजही जगभर वापरात आहेत. ह्या पेशींवर व्हिटॅमिन ए किंवा डी पासून निघालेली रसायनं टाकली की कित्येकदा त्यांची वाढ मंदावते, हे अनेक वेळा दिसलेलं आहे. ही रसायनं पेशीतल्या ठरावीक प्रथिनांना जाऊन चिकटतात, ती प्रथिनं पुढं जनुकं चालू-बंद करतात, आणि पेशी दुभंगायची थांबते. इथवर सगळं बरोबर.

पण बशीत टाकतात ते डी चं तयार, कामाचं रूप. आपण गिळतो ते डी-३ आधी यकृतात आणि मग मूत्रपिंडात बदलून ते रूप बनतं, आणि शरीर त्याच्यावर कडक लगाम ठेवतं. बशीतलं प्रमाण रक्तातल्या प्रमाणाच्या शंभर ते हजार पट असतं. तितकं पोटातून चढवायला गेलं तर कॅन्सरच्या आधी कॅल्शियम वाढून माणूस आडवा होईल: उलट्या, तहान, बद्धकोष्ठ, बरळणं. म्हणून शास्त्रज्ञांनी डी ची भावंडं बनवली, कॅल्शियम कमी वाढवणारी. त्यातलं एक, सिओकॅल्सिटॉल, बशीत चांगलं चाललं होतं. ऑपरेशन न होऊ शकणाऱ्या ३६ पेशंटांवर ते वापरून पाहिलं, २००२ मध्ये निकाल छापून आला: गाठ लहान झाल्याचं एकाही पेशंटमध्ये दिसलं नाही. ह्या निकालाला कुणी चार कॉलम दिल्याचं मला आठवत नाही.

दुसरं भावंड तर माझ्या कपाटातच आहे, सोरायसिसचं मलम म्हणून. कॅल्सिपोट्रायॉल. कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूटनं २०१४ मध्ये दाखवलं की ते गाठीभोवतीच्या चिवट वेष्टनातल्या पेशींना शांत करतं आणि केमोचं औषध आत पोचायला वाट मिळते. केमोच्या जोडीनं दिल्यावर आयुष्य नुसत्या केमोपेक्षा ५७ टक्क्यांनी वाढलं. उंदरांचं. ए च्या घराण्यातलं ट्रेटिनोइन मी मुरुमांसाठी विकतो. एका जातीच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये तेच तोंडावाटे देतात आणि तिथं ते खरोखर जीव वाचवतं. स्वादुपिंडासाठी लंडनमध्ये केमोसोबत देऊन त्याची पहिल्या टप्प्याची चाचणी झाली, २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. पहिला टप्पा म्हणजे डोस कितपत झेपतो ते बघणं. ह्यातल्या कशाचाही गाजराशी संबंध नाही.

सी चं सांगायचं तर अमेरिकेत आयोवा विद्यापीठानं २०२४ मध्ये ३४ पेशंटांचा अभ्यास छापला. केमोसोबत सी दिलं त्या गटात सरासरी आयुष्य ८ महिन्यांवरून १६ वर गेलं. आशा वाटावी असंच आहे, पेशंट थोडे असले तरी. पण ते सी शिरेतून होतं, एका वेळी ७५ ग्रॅम, आठवड्यातून तीनदा. माझ्याकडची चघळायची गोळी ५०० मिलिग्रॅमची, म्हणजे एका बैठकीला दीडशे गोळ्या. आणि तेवढं सी आतडं शोषूनच घेत नाही.

व्हिटॅमिनच आहे, वाईट काय होणार, असं लोक म्हणतात. मीही म्हणायचो. फिनलंडमध्ये २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना गोळ्या देऊन पाहिलं होतं. १९९४ चा निकाल असा, की बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला. बीटा-कॅरोटिन म्हणजे तुमच्या फोटोतल्या गाजराचा रंग.

संपादकसाहेब, अशा बातम्या छापूच नका असं मी म्हणत नाही. आमच्या भागात इंग्रजी जर्नल कोण वाचतंय, जे कळायचं ते तुमच्याकडूनच कळणार. माझी मागणी एवढीच, की प्रयोग बशीत झाला, उंदरात झाला की माणसात, हे मथळ्यात नाही तर निदान पहिल्या ओळीत यावं. सातव्या परिच्छेदात नको, तिथवर कात्रण पोचत नाही, कात्रीला मथळा पुरतो. तपासलेली वस्तू व्हिटॅमिन होती की त्याचं प्रयोगशाळेतलं भावंड, तेही लिहा. आणि संत्र्यांचा फोटो काढून टाका.

त्या रिकाम्या जागेत छापण्यासारखं पुष्कळ आहे. दुखत नाही पण डोळे पिवळे, लघवी गडद, संडास पांढरट, अंगाला खाज, अशी कावीळ असेल तर झाडपाल्यात महिना घालवू नका, आधी सोनोग्राफी करा. पन्नाशीनंतर अचानक शुगर निघाली आणि वजनही उतरतंय, तरी दाखवून या. हा आजार बहुतेकांत उशिरा सापडतो आणि ऑपरेशनची वेळ निघून गेलेली असते. ह्या माणसाचा तो झाडपाल्यातला महिना कुणी परत देणार नाही.

पोराला मी मुंबईच्या डॉक्टरांना फोन लावायला लावला, माझ्यासमोरच. ते रागावले, पण नीट समजावून बोलले. डी किती घ्यायचं ते रक्त तपासून ठरवू म्हणाले, बाकीचं बंद करायला सांगितलं. न फोडलेली पाकिटं मी परत घेतली. गेल्या सोमवारी तो १८ पत्ते घेऊन गेला, त्यातले काही उधारीवर. कात्रण माझ्याकडंच राहिलं होतं, निळ्या गोलासकट. ते सोबत जोडलं आहे.

आपला,
एक औषधविक्रेता,
सेलू, जि. परभणी