नाताळच्या सुट्टीसाठी सभासदांना सूचना

सर्व बंधुभगिनींना ख्रिस्तात सप्रेम सलाम.

नाताळाआधीच्या आगमनकाळाचे चार रविवार मुळात तयारीचे आणि संयमाचे. सण त्यानंतर सुरू होतो, २५ डिसेंबरला, आणि ६ जानेवारीच्या प्रभुप्रकटनाच्या (ज्ञानी लोकांना बाळ येशूचे दर्शन झाल्याच्या) सणापर्यंत चालतो. आपण मात्र आधीच खाऊन-खरेदी करून थकतो आणि नाताळच्या उपासनेत जांभया देतो. यंदा जरा दमानं घ्यावे.

जेवणाआधीची प्रार्थना उरकू नका. ज्यांनी रांधले त्यांचे नाव घेऊन आभार माना, नंतर भांडी घासायलाही उठा. भेट उघडताना किंमत शोधू नका. कर्ज काढून भेटी देऊ नका.

बायबलमधील प्रेषित पौलाच्या गलतीकरांस पत्रात आत्म्याच्या फळांमध्ये, म्हणजे पवित्र आत्म्यामुळे माणसात येणाऱ्या गुणांमध्ये, इंद्रियदमन (स्वतःवर ताबा) शेवटी आले आहे, म्हणून ते ऐच्छिक ठरत नाही. आणि ते फक्त ताटापुरते नाही. भरल्या घरात कुणी लग्नावरून, नोकरीवरून टोमणा मारला की तोंडाशी आलेले उत्तर गिळणे उपवासाहून कठीण!

ज्यांच्या घरी यंदा कुणी गेले आहे, त्यांना 'आभार माना' असे सांगायला जाऊ नका. पौल 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा', म्हणजे देवाचे आभार माना, म्हणतो, दुःखाबद्दल करा असे म्हणत नाही. नुसते जवळ बसा.

सुट्टीतही रविवारची उपासना नेहमीच्या वेळीच होईल.

– कार्यवाह