सांदणच्या घळीत भेटलेल्यांना, मनापासून आभार

गेल्या शनिवारी भंडारदऱ्याजवळच्या साम्रद गावी तंबू टाकला होता. रविवारी सकाळी सांदण दरीत उतरायचं, दोर लागतो त्या पहिल्या टप्प्याच्या अलीकडूनच मागे फिरायचं आणि जेवायला परत, एवढाच बेत. परतताना धोंड्यांवरून उड्या मारायची माझी हौस नडली. दोन दगडांच्या फटीत पाय गेला आणि घोटा बघता बघता लिंबाएवढा सुजला.

सांदण पाहिलेल्यांना कळेल. दोन्ही अंगांना सरळसोट काळा कातळ, वर आभाळाची चिंधी, फोनला रेंज नाही, आणि बाहेर पडायचं तर गारठलेल्या पाण्यातून.

मागून आलेल्या ताई, मी "अहो, ओढणी फाडू नका" म्हणेस्तोवर टर्रकन आवाज आलाच. काय आवळून बांधलंत! आणि गावातले ते दोघे वाटाडे दादा, तुम्ही तर आमचे नव्हतातच, दुसराच ग्रुप घेऊन आला होतात. एकानं मला पाठुंगळी घेतलं, दुसरा कमरेएवढ्या पाण्यात पुढे काठीनं तळ चाचपत राहिला. माझं वजन ६८ किलो. "ताई, मान जरा सैल धरा, श्वास घेऊ द्या," एवढीच काय ती तुमची तक्रार.

वर सरबतवाल्या मावशींनी गरम हळद लावली, पैसे मात्र फक्त सरबताचे घेतले.

गडबडीत कुणाचंच नाव विचारलं नाही. ताई, ओढणीची पट्टी धुऊन ठेवली आहे. हळदीचा डाग काही जात नाही.