शंभर टक्के, पण कितीपैकी?

मा. संपादक,

स. न.

रविवारच्या पुरवणीतला वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेवरचा लेख वाचला. ‘शंभर टक्के यश’ असा मथळा आहे. कितीपैकी, हे विचारायला आपल्या प्रतिनिधीला फुरसत झाली नसावी.

वर्षभराने तपासणीला आलेल्यांचीच सरासरी काढली की आकडा झकास येतो. वजन पुन्हा वाढलेला माणूस लाजेने फिरकत नाही, चंदगडचा एसटीचं भाडं परवडत नाही म्हणून येत नाही. जिंकलेल्या कुस्त्याच मोजायच्या तर खासबागेत उतरणारा प्रत्येक जण हिंदकेसरी! एकूण शस्त्रक्रिया किती, वर्षानंतर त्यातले किती सापडले, ३० दिवसांत पुन्हा दाखल किती, जठराच्या टाक्यांतून गळती किती, रक्तस्राव किती, मृत्यू किती, हे छापा. शिवाय टक्के कशाचे? १२० किलोच्या माणसाचं योग्य वजन ७० धरलं आणि ३५ किलो उतरले, तर ‘जादा वजना’च्या ते ७० टक्के होतात, एकूण वजनाच्या जेमतेम २९. जाहिरातीत कुठला आकडा येतो, ते सांगायला नको.

अमेरिकेत मिशिगनमधली रुग्णालयं २००६ पासून अशा नोंदी एकत्र ठेवतात. तिथल्या २० सर्जननी आपापल्या बायपासचा (हृदयाच्या नव्हे, वजन घटवण्यासाठी जठराच्या) व्हिडिओ दिला, नाव झाकून इतर सर्जननी हाताच्या कसबाला गुण दिले. २०१३ मध्ये निष्कर्ष छापून आला: गुणांत तळाच्या चौथाईतल्या सर्जनच्या रुग्णांत गुंतागुंत १४.५ टक्के, वरच्या चौथाईत ५.२. आपल्या लेखात मात्र दोन परिच्छेद मशीनच्या किमतीवर. मशीन धरणाऱ्या हाताचं काय?

सगळ्यात संताप आणला तो आहाराच्या चौकटीने. ‘दुसऱ्या दिवसापासून मऊ भात’! स्लीव्हनंतर, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून नळीएवढं ठेवलं की, साधारण दोन आठवडे फक्त पातळ, तेही घोटघोट. मग घोटलेलं, मग मऊ. आणि पातळ म्हणजे पांढरा रस्सा नव्हे. त्यात नारळ-तूप असतं. नाडी १२०च्या वर टिकून राहिली तर ‘गॅस असेल’ म्हणून घरी थांबायचं नाही. ताप किंवा पोटदुखी नसली तरी आधी गळतीचा संशय घ्यायचा. उलट्या चालूच राहिल्या तर ग्लुकोजच्या सलाइनआधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) द्यावं लागतं, नाहीतर मेंदूला इजा होते. गावातल्या दवाखान्यात नेमकी ग्लुकोजची बाटली आधी चढते. बी-१२, लोह, कॅल्शियम जन्मभर, याचा तर उल्लेखही नाही.

चौकट दुरुस्त करून त्याच पानावर, त्याच आकारात छापावी.

— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

ता. क. ‘जाहिरात’ हा शब्द पानाच्या कोपऱ्यात भिंगाने शोधावा लागला. तेवढाच शंभर टक्के खरा होता.