खेळण्यासारखी दिसणारी खरी बंदूक: अमेरिकेतील सभासदांसाठी सूचना

नारिंगी टोक दिसले म्हणून बंदूक खोटी, असे धरून चालू नका. खेळण्याच्या नळीला नारिंगी बूच लागते. खऱ्या बंदुकीला तोच रंग फासायला मात्र संघीय कायद्याची आडकाठी नाही. २०२१ मध्ये यूटातील एका कंपनीने ग्लॉक या ब्रँडच्या खऱ्या पिस्तुलावर चक्क लेगोसारखे ठोकळे चढवून ते विकायला काढले होते. त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायनात नर्फसारखे (फोमच्या गोळ्या सोडणाऱ्या खेळण्यातल्या बंदुकीसारखे) सजवलेले, ५० गोळ्यांच्या ड्रम मॅगझिनचे (गोळ्यांच्या गोल डब्याचे) ग्लॉक पोलिसांच्या हाती लागले.

असे काही सापडल्यास हात लावू नका, आधी मुलांना बाहेर न्या, मग ९११ ला फोन करा. चाप ओढून खात्री करणे तर नकोच. मॅगझिन काढले तरी चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या खाचेत) एक गोळी राहू शकते आणि बहुतेक पिस्तुलांतून ती तशीही सुटते.

घरात बंदूक असल्यास ती रिकामी करून कुलपात ठेवा, गोळ्या वेगळ्या कुलपात. रंगीत आवरण चढवू नका.