विमा संस्थेनं काढलेली चित्रांची पुस्तिका

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन पोस्टर्सवरचा लेख वाचला, चित्रं झकास छापलीत, पण सगळीच्या सगळी सरकारी. बाँड घ्या, तोंड बंद ठेवा, जास्त माल काढा. त्याच वर्षांत तिथल्या कामगारांनी स्वतःच्या वर्गणीतून जे छापलं त्याबद्दल एक ओळ पण नाही, म्हणून लिहायला बसलो.

माझी सगळी नोकरी विम्यात गेली. त्यामुळे इंटरनॅशनल वर्कर्स ऑर्डर हे नाव मला आधी विम्यामुळे माहीत झालं, चित्रं नंतर बघितली. 1930 साली न्यूयॉर्कला ज्यू कामगारांच्या एका जुन्या मंडळातून डावी मंडळी फुटून निघाली आणि ही संस्था उभी राहिली. आपल्याकडची पतपेढी, गावकरी मंडळ आणि विमा कंपनी एकत्र केली तर जे होईल ना, साधारण तसं. आजारपणात पैसे, मेल्यावर दफनाचा खर्च, स्वस्तात डॉक्टर, मुलांसाठी शाळा आणि शिबिरं. हंगेरियन, युक्रेनियन, इटालियन, पोलिश, ज्यू, स्पॅनिश बोलणारे, सगळ्यांच्या आपापल्या भाषेत शाखा पण पॉलिसी एकच. आणि कृष्णवर्णीय सभासदाला हप्ता गोऱ्याइतकाच! हे केवढं मोठं होतं ते विम्यातल्या माणसाला लगेच कळेल, कारण मोठ्या कंपन्या 19 व्या शतकापासून कृष्णवर्णीयांना तेवढ्याच हप्त्यात कमी रक्कम द्यायच्या, नाहीतर पॉलिसीच नाकारायच्या, आणि वर मृत्युदराचे तक्ते समोर ठेवायच्या.

आता पुस्तिकेबद्दल. 1941 मध्ये लाइफ साप्ताहिकाचे मालक हेन्री लूस यांनी लिहिलं होतं की हे शतक अमेरिकेचं आहे. त्याला उपराष्ट्राध्यक्ष हेन्री वॉलेस यांनी 8 मे 1942 ला न्यूयॉर्कच्या भाषणात उत्तर दिलं, की या युद्धातून जे शतक येईल ते सामान्य माणसाचं असलं पाहिजे. वॉलेस म्हणजे आयोवाचा शेतीतला माणूस, मक्याच्या संकरित बियाण्यात हयात घालवलेला. जगातल्या प्रत्येकाला दिवसाला एक क्वार्ट, म्हणजे जवळजवळ लिटरभर दूध मिळावं यासाठी हे युद्ध आहे असं तो अर्धं गमतीत अर्धं खरं बोलला आणि त्यावरून विरोधकांनी त्याची वर्षानुवर्षं टर उडवली. 1943 मध्ये वर्कर्स ऑर्डरनं त्याची दोन भाषणं ह्यूगो गेलर्टच्या चित्रांसकट पुस्तिका करून काढली. गेलर्ट बुडापेस्टचा, लहानपणी अमेरिकेत आला, पहिल्या महायुद्धात त्याच्या भावानं लढायला नकार दिला आणि तो लष्कराच्या कैदेत मेला. त्याच गेलर्टनं दुसऱ्या युद्धात हिटलरविरुद्ध लढा म्हणून चित्रं काढली, हे माझ्या मनातून जात नाही. जाड ठाम रेषा, रुंद खांदे, मोठाले हात. इंग्रजी अडखळत वाचणाऱ्या खाणकामगाराला सुद्धा कळावीत अशी चित्रं, आणि असेच लोक या संस्थेत हजारोंनी होते. सरकारी पोस्टर माणसाला काय करायचं ते सांगतं, ही पुस्तिका युद्ध संपल्यावर तुझ्या वाट्याला काय यायला हवं ते सांगते. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो.

एक गोष्ट लपवायची नाही. संस्थेचे पुढारी कम्युनिस्ट होते आणि जून 1941 मध्ये रशियावर हल्ला होईपर्यंत हीच मंडळी युद्धात पडू नका म्हणत होती, मग एकदम बाजू बदलली. आपल्याकडे मुंबईत पण तेच झालं, 1942 च्या चळवळीला विरोध करून कम्युनिस्टांचं पीपल्स वॉर हे साप्ताहिक निघत होतं, त्याचा राग आमच्या वडिलांच्या पिढीला शेवटपर्यंत होता आणि तो बरोबरच होता. पण त्याच मंडळींबरोबर काम करणाऱ्या चित्रकार चित्तप्रसादनं 1943 च्या बंगालच्या दुष्काळात गावोगाव फिरून भुकेल्या माणसांची चित्रं काढली, पुस्तिका केली आणि ब्रिटिशांनी ती जप्त करून जाळली. राजकारण चुकलं म्हणून ती चित्रं खोटी होत नाहीत.

वर्कर्स ऑर्डरचा शेवट वाचून तर विमेवाला म्हणून मला फार वाईट वाटलं. 1944 पासून अध्यक्ष होते रॉकवेल केंट, स्वतः नामवंत चित्रकार. युद्धानंतर सभासद पावणेदोन लाखांच्या वर गेले. 1947 च्या शेवटी सरकारनं संस्थेला देशविरोधी यादीत टाकलं आणि मग न्यूयॉर्कच्या विमा खात्यानं ती मोडायला काढली. पैशाचा घोळ म्हणून नाही हं, संस्था भक्कम होती, दावे फेडत होती. राजकारण धोक्याचं म्हणून! 1951 ला कोर्टानं विसर्जनाचा हुकूम दिला, अपिलं हरली, 1954 मध्ये संपलं सगळं.

तिचे कागद आज कॉर्नेल विद्यापीठाच्या कामगार संग्रहात नीट जपलेत, कोणीही बघू शकतो. आणि इथे दोन वर्षांपूर्वी मी ज्या युनियनमध्ये होतो तिचं ऑफिस हलवताना जुनी पत्रकं, हातानं रंगवलेले बोर्ड, संपातली व्यंगचित्रं, तीन पोती भरून रद्दीत गेली. मी पोहोचलो तेव्हा टेम्पो निघून गेला होता.

साहेब, पुरवणीत एक पान या पुस्तिकांना द्या. आणि वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर गिरणी, गोदी, बँक, विमा कुठल्याही युनियनची चित्रांची पत्रकं असतील तर टाकू नका, तुमच्या कार्यालयात आणून द्या, मी स्वतः येऊन स्कॅन करून परत देईन. दुपारी मला वेळच वेळ असतो.

आपला,
एक निवृत्त विमा कर्मचारी, परळ