झाडीतल्या गोल्फसाठी ड्रायव्हर पिशवीतच बरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या जवळ आल्या की पर्यटन पुरवण्यांत गर्द झाडीतल्या जुन्या गोल्फ क्लबांची छायाचित्रे झळकतात. क्लब कधी स्थापन झाला, कोण कोण तिथे खेळून गेले, सगळे असते. तिथे खेळायचे कसे, याबद्दल मात्र एक ओळही नसते. खारघरला सिडकोच्या कोर्सवर हात बसलेले बरेच जण आता सभासदांचे पाहुणे म्हणून अशा खासगी कोर्सवर जातात आणि पहिल्या काही होलमध्येच चेंडू हरवून हिरमुसतात. हे पत्र त्यांच्यासाठी.

या कोर्सचे वय लक्षात घ्यायला हवे. आपल्याला सर्वांत जवळचा जुना कोर्स म्हणजे चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी, 1927 सालचा. तेव्हा स्टिकची दांडी हिकरी लाकडाची असे. सेंट अँड्रूजच्या ‘आर अँड ए’ या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या क्लबने पोलादी शाफ्टला (दांडीला) मान्यता दिली ती 1929 मध्ये. त्या काळच्या कोर्सवर अंतरे कमी आणि वाटा अरुंद, त्यात पुढे झाडे वाढत गेली. दिल्ली गोल्फ क्लबच्या लोधी कोर्सवर तर फेअरवेला, म्हणजे कापलेल्या गवताच्या मुख्य वाटेला, लागूनच दाट झुडपांचे रान आहे. तिथे व्यावसायिक खेळाडूही कित्येक होलवर ड्रायव्हर (सर्वांत लांब फटक्याची स्टिक) बाहेर काढत नाहीत.

याला भित्रेपणा समजू नये, हिशेब सरळ आहे. फेअरवे 30 यार्ड रुंद आहे आणि फटका 5 अंश वाकडा गेला असे धरा. ड्रायव्हरने चेंडू 220 यार्ड गेला, तर तो मधल्या रेषेपासून सुमारे 19 यार्ड बाजूला पडतो, म्हणजे थेट झाडांत. तोच वाकडा फटका 170 यार्डांचा असेल, तर चेंडू जेमतेम 15 यार्ड सरकतो आणि फेअरवेच्या काठावर राहतो. 340 यार्डांच्या पार-4 ला, म्हणजे चार फटक्यांत पुरा करायच्या होलला, 170 चे दोन फटके ग्रीन (खळगीभोवतीची बारीक गवताची जागा) गाठून देतात. डॉगलेग (मध्येच वळणारा होल) असेल तर वळणापर्यंतचे अंतर आधी विचारून घ्या. वळणाच्या थोडे अलीकडे थांबलेला चेंडू चालतो, पुढे निघून गेलेला सरळ झाडीत शिरतो.

वाऱ्याचाही अंदाज चुकतो. टीवर (पहिल्या फटक्याच्या जागी) उभे राहून गवत उडवून पाहिले तर ते पायाशीच पडते, कारण झाडांनी वारा अडवलेला असतो. चेंडू शेंड्यांच्या वर गेला की वारा त्याला धरतो. म्हणून शेंडे बघा.

चेंडू झाडांत गेलाच, तर पुढची फट शोधत बसू नका. सर्वांत मोठी फट बहुतेक वेळा बाजूला किंवा मागे असते, तिथूनच बाहेर या. 5 किंवा 6 नंबरचे आयर्न (धातूच्या पात्याची स्टिक) घ्या, पकड थोडी खाली, चेंडू मागच्या पायाकडे, हात चेंडूच्या पुढे, स्विंग अर्धा आणि फॉलो-थ्रू कंबरेपाशी थांबलेला. वेजने (चेंडू उंच उडवणाऱ्या स्टिकने) उचललेला चेंडू फांदीला लागून पुन्हा पायाशी येतो. सावलीमुळे झाडाखाली गवत नसते, जमीन टणक असते आणि मातीखाली मूळ असू शकते. मुळावर बसलेला आयर्न मनगट जायबंदी करतो. टीची खुंटी हलकेच टोचून मूळ आहे का ते चाचपायला नियमांची हरकत नाही. फक्त त्याने फटक्याची स्थिती सुधारता कामा नये. मूळ आडवे आलेच, तर त्यासाठी फुकट सवलत मिळत नाही. चेंडू ‘अनप्लेएबल’ (खेळता न येणारा) जाहीर करून एका फटक्याच्या दंडाने दोन क्लब-लांबीच्या आत, होलच्या जवळ न जाता ड्रॉप करावा.

सुटी पाने, काटक्या उचलता येतात, पण ते करताना चेंडू हलला तर एक फटका दंड. आड येणारी जिवंत फांदी मोडणे मात्र नियमांतही बसत नाही आणि सभ्यतेतही. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजतात तेव्हा) त्याला दोन फटके दंड आहे, मॅच प्लेमध्ये (होलगणिक जिंकायचे असते तेव्हा) तो होल गेला. चेंडू शोधायला 2019 पासून तीनच मिनिटे मिळतात. त्यामुळे चेंडू झाडीत गेल्याची शंका आली, तर पुढे जाण्याआधीच दुसरा चेंडू मारा आणि मारण्यापूर्वी ‘प्रोव्हिजनल’ (तात्पुरता) असे स्पष्ट सांगा. हे सांगायचे राहिले, तर दुसराच चेंडू खेळात येतो आणि पहिला समोर सापडला तरी उपयोग नाही.

ग्रीनबद्दल आम्हाला विशेष कळकळ आहे. बर्म्युडा जातीचे गवत उन्हावर जगते, झाडांच्या सावलीत ते विरळ होते आणि तिथली जखम लवकर भरत नाही. चेंडूने पाडलेला खड्डा बुजवताना बरेच जण दुरुस्तीचा काटा खुपसून खालची माती वर उचकटतात. त्याने मुळे तुटतात आणि तेवढा ठिपका सुकतो. काटा खड्ड्याच्या कडेबाहेर खुपसून गवत चहूबाजूंनी मध्याकडे ढकलावे, मग पटरने (ग्रीनवर वापरायच्या स्टिकने) हलके थोपटावे. सकाळी सावलीतल्या ग्रीनवर दव उशिरापर्यंत राहते, त्यामुळे तिथे पट (पटरचा फटका) थोडा जोरात मारावा लागतो.

आपल्या पुरवणीत यापुढे अशा क्लबवर लेख आला, तर पाहुण्यांना कोणत्या दिवशी प्रवेश असतो, हँडिकॅपचे (खेळाची पातळी दाखवणाऱ्या आकड्याचे) प्रमाणपत्र लागते का, कोणते बूट चालतात आणि कॅडी (पिशवी वाहणारा मदतनीस) घेणे सक्तीचे आहे का, एवढी माहिती छायाचित्राशेजारी चौकटीत द्यावी, ही विनंती.

— खारघरच्या कोर्सवर नियमित खेळणारे काही वाचक, नवी मुंबई